२१ ऑक्टोबरला पोलीस स्मृतिदिन का पाळतात? लडाखपासून हर्णेच्या किनाऱ्यापर्यंत

दरवर्षी २१ ऑक्टोबरला सकाळी मोबाईल उघडला की खाकी वर्दीतले फोटो, मेणबत्त्या आणि ‘शहीद पोलिसांना मानवंदना’ अशा पोस्ट दिसू लागतात. त्यातल्या बऱ्याच पोस्टमध्ये २६/११ चे फोटो असतात. पण या तारखेचा २६/११ शी संबंध नाही. ही तारीख त्याच्या जवळपास अर्धशतक आधीची आणि मुंबईपासून फार लांबची आहे.

१९५९ मध्ये काय घडलं?

तेव्हा तिबेटला लागून असलेल्या लडाखच्या सीमेवर लष्कर नव्हे, पोलीस गस्त घालत. भारत-तिबेट सीमा पोलीस दल १९६२ मध्ये स्थापन झालं, सीमा सुरक्षा दल १९६५ मध्ये. त्याआधी हे काम केंद्रीय राखीव पोलीस आणि गुप्तचर विभागाच्या माणसांकडे होतं.

२० ऑक्टोबर १९५९ रोजी हॉट स्प्रिंग्ज इथल्या तळावरून टेहळणीसाठी तीन तुकड्या गेल्या. दोन परतल्या. तिसरीतले दोन शिपाई आणि एक हमाल आले नाहीत. दुसऱ्या दिवशी करम सिंग या अधिकाऱ्याच्या नेतृत्वाखाली सुमारे वीसजण त्यांना शोधायला निघाले. टेकडीवर दबा धरून बसलेल्या चिनी सैनिकांनी वरून गोळीबार केला, हातबाँब टाकले. दहा पोलीस गेले, काहीजण जखमी झाले आणि पकडले गेले. मृतदेह परत मिळायला १३ नोव्हेंबर उजाडला. जानेवारी १९६० मध्ये देशभरातल्या पोलीस महानिरीक्षकांच्या परिषदेत २१ ऑक्टोबर हा स्मृतिदिन ठरला. हरवलेल्या सहकाऱ्यांना शोधायला गेलेल्या माणसांचा हा दिवस आहे, एवढं एक वाक्य त्या पोस्टमध्ये असायला हवं होतं असं वाटतं.

या दिवशी नेमकं काय होतं?

मुंबईत नायगावच्या पोलीस मुख्यालयात आणि जिल्ह्यांच्या मुख्यालयांत संचलन होतं. आधीच्या १ सप्टेंबरपासून ३१ ऑगस्टपर्यंत देशभरात कर्तव्य बजावताना मरण पावलेल्यांची नावं वाचून दाखवली जातात. बंदुका उलट्या धरून ‘शोक शस्त्र’ होतं, बिगुल वाजतो, हवेत फैरी झाडल्या जातात. यादीत फक्त चकमकीत गेलेलेच असतात असं नाही. दिल्लीत चाणक्यपुरीला २१ ऑक्टोबर २०१८ रोजी राष्ट्रीय पोलीस स्मारक खुलं झालं. तेव्हा तिथल्या भिंतीवर स्वातंत्र्यानंतरची ३४ हजारांहून अधिक नावं कोरलेली होती.

महाराष्ट्राच्या वाट्याची बरीच नावं गडचिरोलीतून येतात. १ मे २०१९ रोजी, म्हणजे ऐन महाराष्ट्र दिनी, कुरखेडा तालुक्यात जांभुळखेड्याजवळ भूसुरुंग स्फोटात १५ पोलीस आणि त्यांच्या खासगी गाडीचा चालक गेले. चालक पोलीस नव्हता. बातमीत तो बहुतेक वेळा ‘आणि एक’ म्हणून येतो.

मग २६/११ आणि हर्णे?

२६ नोव्हेंबर २००८ रोजी दहशतवादी समुद्रातून आले. ‘कुबेर’ ही गुजरातची मासेमारी बोट त्यांनी पळवली, त्यावरच्या खलाशांना मारलं आणि कफ परेडच्या मच्छीमार वस्तीजवळ उतरले. म्हणजे त्या हल्ल्यातले पहिले बळी कोळी-खलाशी होते.

त्याच रात्री गिरगाव चौपाटीच्या नाकाबंदीवर सहायक फौजदार तुकाराम ओंबळे उभे होते. साताऱ्याच्या जावळी तालुक्यातल्या केडंबे गावचे, लष्करातून निवृत्त होऊन पोलिसांत आलेले. कामा रुग्णालयाजवळ हेमंत करकरे, अशोक कामटे, विजय साळसकर यांच्यावर गोळ्या झाडून निघालेल्या दोघांची गाडी तिथे अडली. ओंबळेंच्या हातात फक्त काठी होती. त्यांनी कसाबच्या रायफलीची नळी दोन्ही हातांनी धरली आणि गोळ्या अंगावर घेतल्या. मागच्या सहकाऱ्यांना तेवढा वेळ मिळाला. कसाब जिवंत सापडल्यामुळे कट कुठे रचला गेला हे न्यायालयात मांडता आलं. या चौघांनाही २००९ मध्ये मरणोत्तर अशोकचक्र मिळालं. २०२१ मध्ये ठाणे-कल्याण परिसरात सापडलेल्या कोळ्याच्या एका नव्या प्रजातीला ‘आयसियस तुकारामी’ हे नावही दिलं गेलं.

हर्णेसारख्या बंदरासाठी हा इतिहास परका नाही. सुवर्णदुर्गासमोर मासळीचा लिलाव भरतो तेव्हा किती होड्या येतात-जातात, हे पाहिलेल्याला कळतं की प्रत्येक होडी तपासणं पोलिसांच्या आवाक्यातलं नाही. ओळखीची होडी कोणती आणि नवखी कोणती, हे तांडेल एका नजरेत सांगतो. म्हणूनच सागरी सुरक्षेत किनाऱ्यावरच्या गावकऱ्यांची सागर रक्षक दलं उभी केली गेली आणि ‘सागर कवच’सारखे सराव होतात.

पोस्ट टाकण्यापूर्वी

२१ ऑक्टोबर हा स्मृतिदिन, २ जानेवारी हा महाराष्ट्र पोलिसांचा स्थापना दिन. १९६१ मध्ये त्या दिवशी पंडित नेहरूंनी दलाला ध्वज दिला होता. दोन्ही मिसळू नका. ‘शहीद’ हा शब्द आपण सर्रास वापरतो, पण सरकारी नियमांत त्याची व्याख्या नाही, असं केंद्राने संसदेत सांगितलेलं आहे. आणि किनाऱ्यावर संशयास्पद होडी दिसली तर आधी फोटो टाकू नका: सागरी पोलिसांना १०९३ वर किंवा तटरक्षक दलाला १५५४ वर फोन करा.