हलत्या पाण्याचा इतिहास

खानदेशात पंप म्हटला की डोळ्यांपुढे विहीर येते. जळगावकडची केळीची बाग असो की धुळ्याकडचे कांद्याचे शेत, पंपाचे काम एकच, खालचे पाणी वर आणणे. तो किती ‘हेड’ देतो, म्हणजे किती उंचीपर्यंत पाणी चढवतो, हे विचारूनच शेतकरी तो विकत घेतो. पाणी वर चढवायचे नाही, कोठे न्यायचेही नाही, केवळ जागच्या जागी हलते ठेवायचे, एवढ्यासाठी कोणी पंप घेतो असे सांगितले तर गावात लोक हसतील. परंतु प्रवाळांचे मत्स्यालय, म्हणजे समुद्रातील खडक, प्रवाळ आणि त्यांच्या सोबतीने राहणारे मासे असलेली खाऱ्या पाण्याची काचेची टाकी, नेमकी अशाच पंपावर जगते. हा पंप कसा निवडावा आणि टाकीत कोठे बसवावा हे समजायला माणसाला सुमारे दीडशे वर्षे लागली. त्या दीडशे वर्षांचा हा इतिहास आहे. त्यात धुळ्याचाही थोडा भाग आहे, तो पुढे येईल.

या कामाचा पहिला पंप म्हणजे एका मोलकरणीचे दोन हात होते. इंग्लंडमध्ये ॲना थिन नावाच्या एका बाईंनी १८४६ मध्ये टॉर्की या समुद्रकाठच्या गावाहून काही जिवंत प्रवाळ लंडनला आणले. प्रवासात ते एकमेकांवर आपटू नयेत म्हणून त्यांनी सुईदोऱ्याने ते एका स्पंजला टाचले होते! लंडनमध्ये समुद्र नाही. रोज ताजे खारे पाणी आणणार कोठून? तेव्हा त्यांनी जुनेच पाणी पुन्हा वापरायचे ठरवले. उघड्या खिडकीपाशी उभे राहून ते पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतायचे, पुन्हा पहिल्यात ओतायचे, असे अर्धा-पाऊण तास चाले. हे काम घरातल्या लहान मोलकरणीकडे होते. आपल्याकडे गरम चहा बशीत ओतून निववतात किंवा दूध दोन पेल्यांत वरखाली करतात, तसाच हा प्रकार. प्रवाळ जगले, एवढेच नव्हे तर वाढले. पुढच्या वर्षी बाईंनी त्यात समुद्रवनस्पतीही सोडल्या. त्यांचे हे अनुभव १८५९ मध्ये एका इंग्रजी नियतकालिकात छापून आले.

पाणी ओतल्याने नेमके काय साधत होते? ‘पाण्यात हवा मिसळत होती’, हे उत्तर बरोबर आहे, पण अपुरे आहे, आणि हा अपुरेपणा पुढे फार काळ टिकला. प्राणवायू पाण्यात विरघळतो तो पृष्ठभागावर. तेथून तो स्वतःच्या गतीने खाली पसरायचा म्हटला तर फार वेळ लागतो, कारण पाण्यातील त्याचे विसरण हवेतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पट मंद असते. स्थिर पाण्यात एक मिलिमीटर अंतरासाठी त्याला चारेक मिनिटे लागतात. अंतर दहापट झाले की वेळ शंभरपट होतो, म्हणजे एका सेंटिमीटरसाठी सुमारे सात तास. दीड फूट खोल टाकीच्या तळाशी असलेल्या प्राण्याने किती दिवस वाट पाहायची याचे गणित विद्यार्थ्यांना घालायला हरकत नाही. त्यात खाऱ्या पाण्यात गोड्या पाण्यापेक्षा प्राणवायू सुमारे एकपंचमांशाने कमी विरघळतो आणि पाणी तापले की आणखी कमी. मे महिन्यात जळगावचा पारा पंचेचाळीस अंशांकडे जातो, तेव्हा खाऱ्या पाण्याची टाकी मुळातच काठावर जगत असते.

१८५० मध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने पाणवनस्पती, गोगलगाई आणि मासे एकत्र ठेवून ‘समतोल’ साधलेल्या टाकीची माहिती प्रसिद्ध केली. १८५४ मध्ये फिलिप गॉस यांचे मत्स्यालयावरचे पुस्तक आले आणि इंग्लंडमध्ये घरोघरी काचेच्या टाक्या दिसू लागल्या. वनस्पती प्राणवायू देतात, मग पाणी हलवायची गरज काय, असा विचार त्यामागे होता. बहुतेक टाक्या नासल्या आणि हे वेड ओसरले.

त्यानंतर आलेला माणूस आमच्या मते या इतिहासातला सर्वांत मोठा, आणि सर्वांत कमी माहीत असलेला. विल्यम आल्फर्ड लॉइड हा लंडनमध्ये मत्स्यालयाच्या सामानाचे दुकान चालवी. लोकांच्या टाक्या का नासतात हे त्याने गिऱ्हाइकांच्या तक्रारींतूनच शिकून घेतले असावे. १८६४ मध्ये हॅम्बुर्गच्या प्राणिसंग्रहालयात आणि १८७१ मध्ये लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये त्याने जी मत्स्यालये उभी केली, त्यांचे तत्त्व साधे होते. पाणी बदलायचे नाही, फिरवायचे. प्रेक्षकांना दिसणाऱ्या टाक्यांपेक्षा कितीतरी मोठा, अंधारा आणि थंड हौद जमिनीखाली ठेवायचा. वाफेच्या यंत्रावर चालणारे पंप त्यातले पाणी अहोरात्र वरच्या टाक्यांत सोडत आणि तेथून ते पुन्हा हौदात उतरे. खाऱ्या पाण्याने धातू गंजतो आणि तांब्यासारख्या धातूचा अंशही समुद्रजीवांना विषासमान असतो, म्हणून पंप व नळ कठीण केलेल्या रबराचे. हॅम्बुर्ग समुद्रापासून सुमारे शंभर किलोमीटर आत आहे. त्या काळी समुद्राचे पाणी वर्षानुवर्षे तेच ते वापरता येते ही गोष्टच लोकांना खरी वाटत नसे. १८७४ मध्ये नेपल्सच्या प्रसिद्ध सागरी संशोधन केंद्राचे मत्स्यालय उघडले, त्याच्या उभारणीतही लॉइडचा हात होता.

आपल्या देशात मद्रासचे सागरी मत्स्यालय १९०९ मध्ये सुरू झाले, आणि मराठी माणसाच्या ओळखीचे मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ मध्ये. जळगाव-धुळ्याच्या कित्येक पिढ्यांनी समुद्रातला जिवंत मासा पहिल्यांदा पाहिला तो शाळेच्या सहलीत, मरीन ड्राइव्हवरच्या त्या काचांमागे.

मोठ्या मत्स्यालयांत मासे जगू लागले, परंतु खडक बांधणारे उष्ण समुद्रातले प्रवाळ मात्र मरत राहिले. प्राणवायू भरपूर, पाणी स्वच्छ, तरी मरण. इथे वळण दिले ते जकार्ताच्या ली चिन एंग या हौशी माणसाने. १९६१ मध्ये त्याने आपली पद्धत लिहून प्रसिद्ध केली. समुद्रातले जिवंत खडक, भरपूर सूर्यप्रकाश आणि हवेचे बुडबुडे, बस्स. बुडबुडे वर चढताना पाणी सोबत ओढतात, त्यामुळे टाकीत वरखाली असा मंद फेरा सुरू राहतो. त्याच्या टाकीत प्रवाळ टिकले. यशाचे श्रेय मात्र बराच काळ खडकांनाच मिळत राहिले. पाण्याच्या फेऱ्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही.

वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेत वॉल्टर एडी यांनी १९८० मध्ये प्रवाळांची जी टाकी लोकांसाठी मांडली, तिच्यात एक बादली होती. ती भरली की स्वतःच कलंडून सारे पाणी एकदम टाकीत ओती आणि लाट उठे. मोलकरणीचे हात पुन्हा आले, म्हणा ना! ऑस्ट्रेलियात टाउन्सव्हिल येथे १९८७ मध्ये उघडलेल्या प्रचंड मत्स्यालयात तर लाटा निर्माण करणारे यंत्रच बसवले होते. समुद्रात पाणी एका दिशेने वाहत नाही, ते येते आणि जाते, ही साधी गोष्ट या लोकांनी गांभीर्याने घेतली.

तिचे महत्त्व कशात आहे? प्रवाळ जागचा हलू शकत नाही. त्याच्या अंगाला चिकटून पाण्याचा एक पातळ थर जवळजवळ स्थिर राहतो; त्याला सीमास्तर म्हणतात. अन्न, प्राणवायू, कार्बन, टाकाऊ पदार्थ, सारे काही या थरातून विसरणानेच ये-जा करते. वर दिलेले गणित इथे लावून पाहा. प्रवाह जोराचा असेल तर थर पातळ होतो आणि काम भागते; मंद असेल तर थर जाड होतो. प्रवाळाच्या पेशींत एकपेशीय शैवाल राहते. दिवसा ते इतका प्राणवायू सोडते की तो साचून पेशींना अपाय करू शकतो, आणि रात्री तेच शैवाल आणि प्रवाळ मिळून तो संपवतात. म्हणजे वाहते पाणी रात्री प्राणवायू आणून देते आणि दिवसा जादा झालेला घेऊन जाते. १९९८ च्या उष्ण वर्षात जगभर प्रवाळ पांढरे पडून मेले. जपानमधील नाकामुरा आणि व्हॅन वुसिक यांनी २००१ मध्ये दाखवून दिले की जोरदार प्रवाहात ठेवलेले प्रवाळ त्याच तापमानात तग धरतात, मंद प्रवाहातले मरतात. मत्स्यालयातला हा प्रश्न खऱ्या समुद्राचाही आहे. विजयदुर्गच्या पश्चिमेला सुमारे शंभर किलोमीटरवर आंग्रिया बँक नावाचा बुडालेला उंचवटा आहे, तिथल्या प्रवाळांनाही तो लागू पडतो.

आता पंपाकडे येऊ. एक लिटर पाणी वीस मीटर खोल विहिरीतून वर काढायला सुमारे १९६ ज्यूल ऊर्जा लागते. तेच एक लिटर पाणी सेकंदाला अर्धा मीटर वेगाने हलवायला लागते अवघी ०.१२५ ज्यूल. दीड हजार पटींहून जास्त फरक! म्हणून टाकीतल्या पंपाला हेड नको, प्रवाह हवा. पूर्वीचे पंप अरुंद तोंडातून जोराची धार सोडत. ती धार समोरच्या प्रवाळाची त्वचा फाडी आणि तिच्या दोन्ही बाजूंचे पाणी ढिम्म असे. ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात लागते, म्हणून वेग निम्मा केला तर तेवढ्याच शक्तीत चौपट पाणी हलते. मात्र त्यासाठी तोंडाचे क्षेत्रफळ आठपट हवे. २००० नंतरच्या दशकात रुंद, संथ पंख्याचे पंप आले ते याच हिशेबाने. तासाला टाकीच्या आकारमानाच्या दहा-वीस पट पाणी फिरावे असे आता सर्वसाधारणपणे मानतात, आणि काही फांद्यांच्या प्रवाळांसाठी त्याहून कितीतरी जास्त.

बसवण्याची जागा हा वेगळाच विषय आहे, आणि तिथेच आम्ही चुकलो. भारनियमनाच्या काळातली, २००७ ची गोष्ट. धुळ्यातील एका शिक्षक मित्राच्या घरी आम्ही मिळून तीन फुटी खाऱ्या पाण्याची टाकी मांडली होती. प्रवाळ नव्हते, २००१ पासून खडक बांधणारे सर्व प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत आणि ते बाळगणे गुन्हा आहे. मासे मात्र होते. खालच्या छोट्या टाकीतला पंप पाणी वर चढवी आणि त्याचा नळ वरच्या टाकीत पृष्ठभागाखाली वीस सेंटिमीटरवर उघडत असे. तळाचे पाणी चांगले हलेल, हा आमचा विचार. रात्री लाईट गेली. पंप थांबताच त्याच नळातून पाणी उलटे, सायफनने, खाली येऊ लागले आणि नळाचे तोंड उघडे पडेपर्यंत येत राहिले. टाकी ९० सेंटिमीटर लांब, ४५ रुंद. पाणी उतरले २० सेंटिमीटर. म्हणजे ८१ लिटर खारे पाणी. खालच्या टाकीत जेमतेम तीस लिटर मावत होते, बाकीचे फरशीवर. वर उरलेले पाणी रात्रभर स्थिर. सकाळी आठ मासे मेलेले होते.

सायफन धुळ्याला नवा नाही. पांझरेवरचे जुने बंधारे आणि फड पद्धत यांत पंप कधीच नव्हता. पाटकरी पाणी फिरवी ते केवळ जमिनीच्या उताराने. १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात रुजू झालेले तरुण मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांच्या अगदी पहिल्या कामांपैकी एक म्हणजे याच पांझरा नदीवर नळाचा सायफन बांधणे. विद्यार्थ्यांना इथे एक गोष्ट सांगायला हवी. कालव्याचा सायफन नदीच्या खालून जातो, तो उलटा सायफन. त्यात पाणी दाबाखाली खाली उतरून पलीकडे वर येते. आमच्या टाकीतला सायफन सुलटा, पाण्याच्या पातळीच्या वरून काठ ओलांडणारा. त्यात हवा शिरली की तो तुटतो. नेमका हाच त्यावरचा उपाय आहे. पृष्ठभागाच्या किंचित खाली नळाला एक लहान भोक पाडायचे. पातळी बोटभर उतरली की भोकातून हवा आत शिरते आणि सायफन थांबतो. लोखंडी खिळा तापवून ते भोक आम्ही दुसऱ्याच दिवशी पाडले. भोकात शेवाळ भरते, तेव्हा दर पंधरवड्याला ते सुईने मोकळे करावे लागते.

पाणी हलवणारा पंप कोठे लावावा याचा प्रयोग शाळेत गोड्या पाण्यावर, मासे न सोडता करता येतो. टाकीत दोन-तीन दगड रचा, एक लहान पंप एका कोपऱ्यात लावा आणि चिमूटभर काळी माती कालवून सोडा. दुसऱ्या दिवशी माती जिथे बसलेली दिसेल ती मेलेल्या पाण्याची जागा. मग पंपाचे तोंड पृष्ठभागाकडे थोडे वळवून पाहा, समोरच्या काचेवर धार आपटवून पाहा, दुसरा पंप समोरासमोर लावून दोन्ही प्रवाह मध्ये एकमेकांवर आदळवून पाहा. दर वेळी मातीचा नकाशा वहीत काढून ठेवावा. आमच्याकडच्या अशा चौदा नकाशांपैकी अकरांत माती दगडांच्या मागे, पंपाच्या अगदी जवळ बसलेली आहे.