आठवा सर्ग

दिवाळीच्या झाडलोटीत आमच्या घरी पुस्तकांचे कपाट उघडले की काहीतरी वाद झाल्याखेरीज ते पुन्हा बंद होत नाही. यंदा निमित्त झाले कालिदासाच्या 'कुमारसंभवा'चे. माझी पंधरा वर्षांची नात ते हाती घेऊन म्हणाली, "आजोबा, हे मी वाचायला नेऊ?" मी काही बोलण्याच्या आतच स्वयंपाकघरातून सूनबाईंचा आवाज आला, "बाबा, ते इतक्यात नको हं द्यायला!"

हे 'इतक्यात' माझ्या फार जुन्या ओळखीचे. शाळेत आम्हांला दिलेली प्रत सातव्या सर्गावर, म्हणजे शिवपार्वतींच्या लग्नावर, संपत असे. पुढे काय, असे एकाने विचारले तेव्हा गुरुजींनी त्याला बाकावर उभे केले. त्या दिवसापासून आठवा सर्ग वाचायचाच, असे साऱ्या वर्गाने ठरवून टाकले. एरवी संस्कृताचे नाव काढताच पोट दुखणारी मुलेसुद्धा त्यांत होती!

आता हे सोवळे इंग्रजी अमदानीत आले असे कोणी म्हणेल, तर ते खरे नव्हे. नवव्या शतकातल्या आनंदवर्धनाने 'ध्वन्यालोका'त हा प्रश्न चर्चिला आहे. श्रेष्ठ देवतांचा शृंगार वर्णिणे अनुचित खरे, पण महाकवीच्या शक्तीने तो दोष झाकला जातो, असा त्याचा निवाडा. अकराव्या शतकातला मम्मट अधिक कडक. असे वर्णन म्हणजे आपल्याच आईबापांच्या शृंगाराचे वर्णन, असे तो बजावतो. (याच मम्मटाने चौथ्या सर्गातल्या रतिविलापालाही नावे ठेवली आहेत, पण तो आम्हांला खुशाल शिकवला गेला.) मात्र दोघेही बोलले ते काव्य वाचून. आणि टीकाकार मल्लिनाथ तर सातव्या सर्गाशी थांबला नाही, त्याची टीका आठव्यावरही आहे.

विलायतेत कात्री चालली ती शेक्सपिअरवर. घरात सर्वांदेखत वाचता यावीत म्हणून गाळणी लावलेली त्याची वीस नाटके 1807 साली निनावी निघाली. ते काम हॅरिएट बाउडलर या बाईंचे. पण 1818 साली दहा खंडांची आवृत्ती निघाली ती भाऊ थॉमस याच्या नावाने. अविवाहित बाईने अमुक ओळ वाईट म्हणून गाळली, तर ती तिला समजली असे कबूल करावे लागे ना! त्याच 1807 साली मेरी आणि चार्ल्स लॅम या बहीणभावांच्या शेक्सपिअरच्या गोष्टी निघाल्या. तेथेही बहुतेक गोष्टी बहिणीच्या आणि नाव भावाचे. परंतु लॅम यांनी दार बंद केले नाही. मुलगे वडिलांची पुस्तके लवकर हाताळतात, मुलींना ती उशिरा मिळतात, हे प्रस्तावनेत स्पष्ट सांगून त्यांनी भावांना विनंती केली, की बहिणींना अवघड जागा समजावून द्या. पुढे मूळ नाटके वाचावीत, हीच त्यांची इच्छा होती.

मला बाउडलरपेक्षा लॅम जवळचे वाटतात. आठवा सर्ग मी कॉलेजात असताना चोरून वाचला, आणि खरे सांगायचे तर माझी निराशाच झाली. रथोद्धता वृत्तातल्या त्या सर्गाचा जवळजवळ निम्मा भाग गंधमादन पर्वतावरचा सूर्यास्त, अंधार आणि चंद्रोदय यांनी व्यापलेला. शंकर संध्येला बसतात म्हणून पार्वती रुसते, तो प्रसंग तर कोणत्याही घरातला वाटावा. शृंगार आहेच, नाही कसा? पण ज्याच्यासाठी आम्ही धडपडलो तो हा सर्ग नव्हता. गुरुजींनी त्या मुलाला उत्तर दिले असते तर तो सूर्यास्त तरी मी नीट वाचला असता.

हे सारे मी सूनबाईंना सांगितले. त्या जरा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "बरं, पण आधी मी वाचते. तिनं काही विचारलं तर मला सांगता यायला हवं."

घरात दोन प्रती निघाल्या हे बरे झाले. नात अजून पहिल्या सर्गात हिमालय चढते आहे. कोश चाळून चाळून बोटे दुखतात म्हणे. सूनबाई तिच्या पुढे आहेत. काल फराळाचे डबे भरता भरता त्यांनी मला विचारले, "अहो बाबा, संध्येला बसले म्हणून रुसायचं काय त्यात?"