मिरजेची गीता आणि संगणकाचें पान

सन १८०५ हें वर्ष मराठी मुद्रणाच्या इतिहासांत दोन कारणांनीं स्मरणीय आहे. त्या वर्षीं आजच्या सांगली जिल्ह्यांतील मिरजेस, गंगाधरराव पटवर्धनांच्या आश्रयानें, भगवद्गीता छापली गेली. आणि त्याच वर्षीं बंगालमधील श्रीरामपुराहून विल्यम कॅरी यांचें मराठी व्याकरण देवनागरी खिळ्यांत छापून बाहेर पडलें.

दोन्ही कामें छपाईचींच. परंतु त्यांची जात भिन्न होती. मिरजेच्या कारागिरानें तांब्याच्या पत्र्यावर पान उलटें कोरलें. असें पान म्हणजे वस्तुतः अक्षरांचें चित्रच होय. त्यांतील एक शब्द उचलून अन्यत्र बसवितां येत नाहीं. श्रीरामपूरचे खिळे मात्र सुटे होते. एक पान छापून झालें कीं तेच खिळे दुसऱ्या पानाच्या जुळणीस येत. मध्यंतरीं शिळाछापही पुष्कळ चालला. तथापि सन १८६९ मध्यें जावजी दादाजींनीं मुंबईस निर्णयसागर छापखाना काढला, आणि सुट्या अक्षराचें सामर्थ्य महाराष्ट्रानें डोळे भरून पाहिलें.

चित्र कीं अक्षर, हा जुना प्रश्न संगणकाच्या पडद्यावर पुन्हां उभा राहिला. सन १९९२ मध्यें अमेरिकेंतील कॅन्सस विद्यापीठांत ‘लिंक्स’ नांवाचा ब्राउझर तयार झाला. तो केवळ मजकूर दाखवितो. चित्राच्या जागीं, पान करणाऱ्यानें शब्द दिले असतील तर ते शब्द दिसतात. मंद जोडणीच्या वाचकास त्याचा मोठा आधार होता. अंध वाचकास मजकूर वाचून दाखविणारी आज्ञावलीही अक्षरांवरच अवलंबून असते. चित्रांत गोठलेला शब्द तिला आपल्या बळावर उमगेलच असें नाहीं.

मराठीपुढें आणखी एक संकट आलें. आरंभींच्या अनेक मराठी संकेतस्थळांनीं रोमन अक्षरांच्या क्रमांकांस मराठी अक्षरांचे मुखवटे चढविले होते. विशिष्ट फॉन्ट जवळ नसला कीं मुखवटा गळून पडे, आणि मराठी बातमीच्या जागीं निरर्थक रोमन चिन्हांची रांग दिसे. कित्येकांनीं मजकुराचें चित्रच पानावर डकविलें. म्हणजे मिरजेचा पत्राच, पण त्यांतील कोरीव कौशल्यावांचून!

सन १९९१ च्या युनिकोडनें देवनागरीच्या प्रत्येक वर्णास स्वतःचा क्रमांक दिला होता. तो जसजसा रूढ झाला, तसतसें हें संकट ओसरलें. सातारा जिल्ह्यांतील वाई येथें तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखालीं घडलेल्या मराठी विश्वकोशाचा पहिला खंड सन १९७६ मध्यें निघाला. त्याच्या नोंदी आज महाजालावर अक्षररूपानें वाचावयास मिळतात. म्हणूनच त्या शोधतां येतात आणि ऐकतांही येतात.

तरीही केवळ युनिकोडनें काम संपत नाहीं. सन १९९९ मध्यें वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमनें सुगम पानांविषयीं नियम प्रसिद्ध केले. त्यांतील सार सोपें आहे: प्रत्येक अर्थपूर्ण चित्रास शब्दांची जोड असावी; केवळ रंगावर अर्थ टांगूं नये; दुव्याचे शब्द स्वतःच बोलके असावेत. ‘येथें टिचका’ एवढ्यानें ऐकणाऱ्यास कांहींच कळत नाहीं.

मिरजेच्या कारागिराजवळ सुटे खिळे नव्हते. म्हणून त्याच्या पानास दोष देणें अन्यायाचें होईल. आजच्या पानकर्त्याजवळ ते आहेत. ते असूनही जो शब्दांस चित्रांत कोंडतो, तो आपल्याच दारावरून कांहीं वाचकांस परत पाठवितो.