चीज कोणी हलवले?

स्पेन्सर जॉन्सन यांची ‘हू मूव्ह्ड माय चीज?’ ही पुस्तिका 1998 साली आली. भूलभुलैयात दोन उंदीर आणि दोन चिमुकली माणसे राहतात. एके दिवशी त्यांचे चीज जागेवर नसते. उंदीर दुसरे शोधायला पळतात, माणसे कुरकुरत बसतात. तात्पर्य असे, की बदल अटळ आहे, तेव्हा तुम्ही मन बदला. कचेरीत नवी प्रणाली, एआय किंवा विलीनीकरण आले की कर्मचाऱ्यांसाठी भरणाऱ्या बहुतेक कार्यशाळांचा पाया हाच असतो.

पूर्वपक्ष अगदीच पोकळ नाही. बाजार मालकाच्याही मुठीत नसतो, यंत्र कोणासाठी थांबत नाही, आणि धास्तावलेल्या माणसाला धीर लागतोच. पण या मांडणीने एक गोष्ट न तपासता गृहीत धरली आहे: बदलाला होणाऱ्या विरोधाचे मूळ कामगाराच्या स्वभावात असते. ती तपासली गेली आहे, आणि टिकलेली नाही.

अहमदाबादच्या कॅलिको मिलमध्ये 1952 साली स्वयंचलित साचे बसवले, तरी उत्पादन वाढेना. लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस यांनी 1953 मध्ये पाहणी केली. 224 साच्यांवर 29 कामगार होते आणि त्यांच्यात 12 प्रकारची कामे वाटलेली होती. तुटलेला धागा सांधणारा वेगळा, बाबिनी भरणारा वेगळा, तेल घालणारा वेगळा. ठरावीक साच्यांची जबाबदारी एका टोळीची, असे कुठेच नव्हते. राइस यांनी छोट्या टोळ्यांची कल्पना मांडली, आणि कामगारांनी आपापल्या टोळ्या स्वतःच जमवल्या. उत्पादन वाढले, खराब कापड कमी झाले. साचे तेच होते, माणसेही तीच. बदलली ती कामाची मांडणी.

अमेरिकेत व्हर्जिनियातल्या एका पायजमा कारखान्याचा अनुभव कॉख आणि फ्रेंच या अभ्यासकांनी 1948 मध्ये नोंदवला. कामाची पद्धत बदलल्याचे ज्या गटाला नुसते कळवले, त्यातले 17 टक्के लोक 40 दिवसांत नोकरी सोडून गेले. ज्या गटांतल्या सर्वांनी बदल आखण्यात भाग घेतला, त्यांचे काम लवकरच पूर्वीपेक्षाही पुढे गेले.

यावर कोणी म्हणेल, आजचा वेग निराळा आहे, सल्लामसलतीला सवड कुठे? पण यंत्राचा वेग आणि ते लागू करण्याची तारीख या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तारीख माणूस ठरवतो. म्हणूनच 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम 9-अ ने वेतन, कामाचे तास, कामगारकपातीची शक्यता असलेले यांत्रिकीकरण अशा बदलांआधी 21 दिवसांची नोटीस मालकावर बंधनकारक केली. 2020 च्या औद्योगिक संबंध संहितेतही नोटिशीची ही तरतूद आहे.

सहभाग म्हणजे एकदाच द्यायची मात्राही नव्हे. पुढे अभ्यासक एरिक मिलर यांनी कॅलिको मिलच्या प्रयोगाचा 1970 पर्यंतचा मागोवा घेतला, तेव्हा अहमदाबादचे स्वयंचलित खाते बरेचसे जुन्या वळणावर गेलेले आढळले. मांडणी राखली नाही तर ती मोडते, आणि ती राखण्याचे काम व्यवस्थापनाचे असते.

चीज कोणी हलवले, हा प्रश्न त्या पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर आहे, आतल्या पानांत त्याचे उत्तर नाही. निर्णय कोणी घेतला, कोणाचे काम जाणार, पगार किती महिने शाबूत, दाद कोणाकडे मागायची, हे कार्यशाळेच्या पहिल्या तासात सांगावे. धीराचे भाषण त्यानंतर ऐकू.