मोटारीची किल्ली व कुलपे

मोटारीची किल्ली व कुलपे : मोटारीचे दरवाजे, डिकी, स्टिअरिंग आणि इंजिन यांना अडवणारी व मोकळे करणारी यंत्रणा. मोटारीच्या किल्लीकडे आज निदान चार कामे आली आहेत : दार उघडणे, स्टिअरिंगचा अडसर काढणे, विजेची जोडणी करणे आणि आपण खरी किल्ली आहोत हे गाडीच्या संगणकाला पटवणे. ही कामे वेगवेगळे भाग करतात. एक बंद पडला तरी बाकीचे चालू असू शकतात. नेमके काय चालू आहे हे ठाऊक नसल्यामुळे माणसे गाडीबाहेर खोळंबतात किंवा, वाईट प्रसंगी, गाडीत अडकतात. चोरीच्या धास्तीमुळे कुलपाचा विचार नेहमी बाहेरून होतो. सुरक्षिततेच्या दृष्टीने मात्र ते आतून किती लवकर उघडते हा प्रश्न अधिक मोलाचा आहे.

इतिहास : सुरुवातीच्या मोटारी पुढून लोखंडी हँडल मारून सुरू कराव्या लागत. इंजिनाने उलटा झटका दिला तर मनगट किंवा अंगठा मोडे. चार्ल्स केटरिंग यांनी तयार केलेला विजेवर चालणारा स्टार्टर १९१२ च्या कॅडिलॅक गाड्यांत आला आणि हा धोका गेला. तरीही बराच काळ किल्लीने फक्त वीज जोडली जाई, स्टार्टरचे बटण निराळे असे. किल्ली फिरवताच इंजिन सुरू होण्याची सोय क्रायस्लरने १९४९ साली दिली. अमेरिकेत १९७० पासून किल्ली काढल्यावर स्टिअरिंग किंवा गाडीची पुढची चाल अडलीच पाहिजे असा नियम लागू झाला. दुरून दार उघडणारा रिमोट १९८२ साली रेनॉच्या फ्यूगो या गाडीत आला. त्याचे जनक पॉल लिपशूट्झ यांच्या नावावरून फ्रान्समध्ये रिमोटला ‘प्लिप’ म्हणू लागले. किल्ली खिशातून न काढता गाडी उघडण्याची व सुरू करण्याची सोय मर्सिडीज-बेंझने १९९८ च्या एस-क्लासमध्ये दिली.

इग्निशन व किल्लीचे टप्पे : फिरवायच्या किल्लीचे चार टप्पे असतात. पहिल्यात स्टिअरिंग अडकते व किल्ली निघते, दुसऱ्यात रेडिओसारखी उपकरणे चालतात, तिसऱ्यात गाडीची सगळी वीज चालू होते आणि चौथा स्टार्टरचा. किल्ली काढल्यावर चाक थोडे फिरले की आतला खटका बसतो. मग किल्ली घातली तरी फिरत नाही. अशा वेळी किल्लीवर जोर करू नये, ती वाकते किंवा आत तुटते. एका हाताने स्टिअरिंग ज्या बाजूला किंचित हलते तिकडे दाबून धरावे आणि दुसऱ्या हाताने किल्ली हलकेच फिरवावी. चालत्या गाडीत, अगदी उतारावर पेट्रोल वाचवण्यासाठीसुद्धा, किल्ली मागे फिरवू नये. इंजिन थांबले की पॉवर स्टिअरिंग जड होते, आणि ब्रेकला मिळणारी मदत पेडल एकदोनदा दाबेपर्यंतच टिकते.

हा इशारा पुस्तकी नाही. जनरल मोटर्सने २०१४ साली शेवरोले कोबाल्ट व इतर काही मॉडेलांच्या सुमारे २६ लाख गाड्या परत बोलावल्या. त्यांच्या इग्निशन स्विचचा खटका इतका ढिला होता की जड जुडगा लोंबत असला, गाडी खड्ड्यात आदळली किंवा चालकाचा गुडघा लागला तरी किल्ली तिसऱ्या टप्प्यावरून दुसऱ्यावर घसरे. इंजिन बंद पडे आणि त्याच वेळी एअरबॅगही निकामी होत. म्हणजे अपघाताचे कारण आणि बचावाच्या साधनाचे अपयश एकाच स्विचमधून येई. कंपनीने नेमलेल्या भरपाई निधीने या दोषाशी निगडित १२४ मृत्यू मान्य केले. स्विचचा भाग मध्यंतरी सुधारण्यात आला होता, पण त्याचा क्रमांक बदलला नाही, त्यामुळे दोषाचा माग लागायला वर्षे गेली. उपायांपैकी एक फार साधा होता. किल्लीच्या डोक्यावरची लांबट खाच बुजवून तेथे लहान गोल भोक ठेवले गेले, म्हणजे जुडग्याचे वजन एका बाजूला सरकून किल्लीला पीळ देत नाही. घराच्या, दुकानाच्या, तिजोरीच्या किल्ल्या आणि वर देवाच्या नावाचे पितळी पदक असा जुडगा इग्निशनला टांगण्याची आपल्याकडची हौस यासाठी सोडलेली बरी.

इमोबिलायझर : किल्लीच्या प्लॅस्टिकच्या डोक्यात एक बारीक चिप असते. तिला सेल लागत नाही. इग्निशनभोवतीच्या तारेच्या वेटोळ्यातून तिला वीज मिळते आणि ती आपली ओळख सांगते. ओळख पटली नाही तर इंजिन सुरू राहत नाही. युरोपीय संघात १९९८ च्या ऑक्टोबरपासून नव्या मोटारींना ही यंत्रणा सक्तीची झाली, कॅनडात २००७ पासून. अमेरिकेत सक्ती नव्हती, म्हणून ह्युंदाई व किआ यांनी तेथील स्वस्त मॉडेले बरीच वर्षे तिच्यावाचून विकली. २०२१ च्या सुमारास तरुण चोरांना युक्ती सापडली : स्टिअरिंगखालचे आवरण उचकटायचे आणि उघड्या पडलेल्या खुंटीवर यूएसबी केबलचे टोक बसवून फिरवायचे. समाजमाध्यमांवर चित्रफिती पसरल्या आणि चोऱ्यांची लाट आली. दोन्ही कंपन्यांना २०२३ साली मिळून सुमारे ८३ लाख गाड्यांसाठी सॉफ्टवेअरची दुरुस्ती जाहीर करावी लागली. कॅनडातल्या गाड्यांना ही झळ लागली नाही.

रस्त्यावरचा चावीवाला जी डुप्लिकेट चावी करून देतो ती बहुधा फक्त पात्याची नक्कल असते. तिने दार उघडते, इंजिन सुरू राहत नाही. चिपची नोंद गाडीच्या संगणकात करावी लागते. हे काम आरसी बुक व ओळखपत्र दाखवून अधिकृत ठिकाणीच करावे आणि किल्ली हरवली असल्यास जुनीची नोंद पुसून घ्यावी. नुसती नवी किल्ली घेतली तर हरवलेली किल्ली सापडणाऱ्याच्या हातात चालूच राहते. नोंद करण्याची यंत्रे चोरांकडेही असतात. भारतात पकडल्या गेलेल्या टोळ्यांकडे ती सापडली आहेत. म्हणून स्टिअरिंगला किंवा गिअरला आडवा लागणारा लोखंडी दांडा जुनाट वाटला तरी कामाचा आहे : त्याला संगणक फसवून काढता येत नाही.

रिमोट व बिनकिल्लीची प्रवेशयंत्रणा : भारतातील बहुतेक रिमोट ४३३ मेगाहर्ट्झच्या आसपास संदेश पाठवतात. प्रत्येक वेळी संकेत बदलतो, त्यामुळे एकदा टिपलेला संकेत पुन्हा वापरून दार उघडता येत नाही. तथापि त्याच लहरींवर गोंगाट सोडून ‘बंद’चा संदेश गाडीपर्यंत पोचूच न देणे सोपे आहे. वाहनतळावर पाठ फिरवून चालता चालता बटण दाबण्याची सवय चोराच्या पथ्यावर पडते. इंडिकेटर लुकलुकले का ते पाहावे, आणि एकदा कडी ओढून बघावी.

किल्ली खिशातच ठेवायच्या यंत्रणेत गाडी जवळपास पोचेल एवढ्या क्षीण लहरी सोडते आणि किल्ली उत्तर देते. एक चोर गाडीपाशी आणि दुसरा घराच्या दाराशी उभा राहून या लहरी पुढे पोचवू शकतात. गाडीला किल्ली शेजारीच आहे असे वाटते. झुरिकच्या तंत्रविद्यापीठातील संशोधकांनी २०११ सालीच हे दाखवून दिले होते. घरी किल्ली दाराजवळच्या खुंटीवर न ठेवता आत, धातूच्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवणे हा स्वस्त उपाय आहे. काही गाड्यांत ही सोय बंदही करता येते.

रिमोटचा सेल संपला म्हणजे गाडी अडली असे नाही. फोबच्या, म्हणजे खिशात ठेवायच्या रिमोट-किल्लीच्या, कडेला एक खटका असतो. तो दाबून ओढले की आतून लहान धातूची किल्ली निघते. चालकाच्या दाराच्या कडीपाशी, कधी झाकणाखाली लपलेले, भोक असते. दार उघडल्यावर फोब सुरू करण्याच्या बटणाला टेकवून धरला की चिप ओळखली जाते आणि बटण दाबून इंजिन सुरू होते. काही गाड्यांत फोब ठेवायची जागा वेगळी असते. ती पुस्तिकेत आधीच पाहून ठेवावी, भर रात्री घाटात नव्हे.

बटणाच्या गाड्यांत इंजिन बंद करणेही शिकावे लागते. गाडी धावत असताना बटण एकदा दाबून काही होत नाही. बहुतेक गाड्यांत ते तीनेक सेकंद दाबून धरावे लागते किंवा लागोपाठ दाबावे लागते. कॅलिफोर्नियात ऑगस्ट २००९ मध्ये दुरुस्तीच्या काळापुरत्या दिलेल्या एका लेक्ससमध्ये दुसऱ्या मॉडेलची जाड चटई अॅक्सिलरेटरमध्ये अडकली. गाडी थांबवता न आल्याने चौघे मृत्युमुखी पडले. चटई त्याच गाडीची आणि हुकांना अडकवलेली असावी, एकावर एक दोन चटया घालू नयेत. पेडल अडकलेच तर ब्रेक एकदाच, पूर्ण ताकदीने दाबून ठेवावा आणि गिअर न्यूट्रलला आणावा.

चाइल्ड लॉक व आत अडकणे : मागच्या दाराच्या कडेवर, दार उघडल्यावरच दिसणारा एक छोटा खटका असतो. तो लावला की आतली कडी निकामी होते, बाहेरची चालू राहते. धावत्या गाडीत हा खटका जीव वाचवतो, उभ्या गाडीत तो घेऊ शकतो. जून २०२३ मध्ये नागपुरात तीन लहान मुले बेपत्ता झाली. शोधाशोध झाली, आणि घराजवळच उभ्या असलेल्या एका गाडीत त्यांचे मृतदेह मिळाले. खेळता खेळता मुले उघड्या गाडीत शिरतात, दार लागते, आणि पुढच्या सीटवर जाऊन तिथली कडी ओढावी हे त्यांना सुचत नाही.

उन्हात बंद गाडी किती तापते याचा अंदाज बहुतेकांना नसतो. कॅलिफोर्नियात झालेल्या आणि २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, बाहेर २२ ते ३६ अंश सेल्सिअस असताना, तासाभरात आतले तापमान सरासरी २२ अंशांनी वाढले, आणि त्यातली ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली. काच बोटभर उघडी ठेवून फारसा फरक पडला नाही. मे महिन्यातल्या अकोल्यात किंवा चंद्रपुरात बाहेरच ४५ अंश असतात. ‘दोन मिनिटांत दूध घेऊन येतो’ म्हणून झोपलेले मूल गाडीत ठेवणे याला कोणतेही समर्थन नाही. उभी गाडी, अगदी स्वतःच्या आवारातलीसुद्धा, कुलूपबंदच असावी आणि किल्ली मुलांच्या हाती लागू नये. चारपाच वर्षांच्या मुलाला हॉर्न दाबत राहायला शिकवावे. बहुतेक गाड्यांत तो किल्लीशिवायही वाजतो. दुसऱ्याच्या गाडीत मूल अडकलेले दिसले तर ११२ वर कळवावे आणि ते निपचित असेल तर त्याच्यापासून लांबची खिडकी फोडावी.

अमेरिकेत १९९८ च्या उन्हाळ्यात तीन घटनांत मिळून अकरा मुले डिकीत अडकून दगावली. त्यानंतर तेथे डिकीच्या आतून उघडणारी, अंधारात चमकणारी कडी सक्तीची झाली. भारतात १ जुलै २०१९ पासून चालकाची एअरबॅग, सीटबेल्टची सूचना, वेगाचा इशारा आणि मागचे सेन्सर यांच्याबरोबर सेंट्रल लॉक हाताने उघडता येण्याची सोयही नव्या मोटारींना बंधनकारक झाली. सगळ्यांत कमी चर्चा झाली ती या शेवटच्या कलमाची, जरी त्याची गरज आधीच दिसली होती. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा मुंबईत पाण्यात बंद पडलेल्या गाड्यांत काही जण गुदमरून गेले होते.

पाणी दाराच्या वर चढले की बाहेरच्या दाबामुळे दार ढकलत नाही. म्हणून पट्टा सोडून आधी काच खाली करावी. विजेची बटणे थोडा वेळ तरी चालतात. पहिले मिनिट फोन करण्यात घालवू नये. काच उतरली नाही तर बाजूच्या काचेच्या कोपऱ्यावर टोकदार हातोडीने मारावे, मधोमध नव्हे. पुढची काच दोन थरांची असते, ती फुटून पडत नाही. काही महागड्या गाड्यांत बाजूच्या काचाही तशाच असतात. अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशनने २०१९ साली अशी सहा साधने तपासली, तेव्हा चारांनी साधी कडक काच फुटली, दोन थरांची एकानेही नाही. आपल्या काचांचा प्रकार कोपऱ्यातल्या छाप्यावरून बघता येतो. सीटचे डोके काच फोडण्यासाठीच सुटे केलेले असते हा मोबाइलवर फिरणारा संदेश खोटा आहे. हातोडी चालकाच्या हाताशी हवी, डिकीत ठेवलेली उपयोगाची नाही.

गाडी उभी करताना : पॉवर विंडोची काच अडथळा लागताच परत उतरण्याची सोय पुष्कळ गाड्यांत फक्त चालकाच्या खिडकीला असते. मागे मुले असताना मागच्या बटणांना कुलूप लावावे. दार उघडताना उजवीकडे बसलेल्या चालकाने डाव्या हाताने कडी ओढावी. अंग आपोआप वळते आणि मागून येणारा दुचाकीस्वार दिसतो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १२६ प्रमाणे परवानाधारक चालक जागेवर नसेल तर सार्वजनिक ठिकाणी इंजिन बंद करून ब्रेक लावणे, किंवा गाडी आपोआप सरकणार नाही अशी अन्य व्यवस्था करणे आवश्यक आहे. पानाच्या टपरीसमोर घरघरत ठेवलेली गाडी या कलमाखाली येते.

चोरीच्या दाव्यात विमा कंपन्या गाडीबरोबर मिळालेल्या दोन्ही किल्ल्या मागतात. किल्ली गाडीतच राहिली असेल तर वाजवी काळजी घेतली नाही म्हणून दावा नाकारला जातो. ट्रकमध्ये किल्ली राहिलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मालकाला विम्याच्या रकमेच्या ७५ टक्के देववले, पण त्यासाठी त्याला तिथवर झगडावे लागले. दुसरी किल्ली घरी, पहिलीपासून वेगळी ठेवावी.