यम चा

यम चा : दक्षिण चीनच्या ग्वांगडुंग प्रांतात, तसेच हाँगकाँग व मकाव येथे सकाळपासून दुपारपर्यंत चहागृहात बसून चहाबरोबर लहान लहान पदार्थ खाण्याची कँटनी पद्धत. शब्दशः अर्थ ‘चहा पिणे’. या पदार्थांना एकत्रितपणे डिमसम म्हणतात. परदेशात नाव झाले ते डिमसमचे. मूळ जागी मात्र मान चहाचा, आणि त्याच्या निमित्ताने निवांत बसण्याचा.

ग्वांगजौ (कँटन) हे जुने व्यापारी शहर या पद्धतीचे माहेर. तेथील ताव ताव ज्यु हे चहागृह १८८० चे, तर लिन हेउंग १८८९ चे. हाँगकाँगमधील लुक यू (१९३३) हे चहावर ग्रंथ लिहिणाऱ्या आठव्या शतकातील लू यू यांच्या नावाने ओळखले जाते. झाकणाच्या कपातला चहा आणि दोन पदार्थ, एवढ्यावर सकाळ काढणारे गिऱ्हाईक ही जुनी ओळख. हल्ली रविवारी आजी-आजोबांपासून नातवंडांपर्यंत सगळे कुटुंब गोल टेबलाभोवती जमते.

बसल्यावर पहिला प्रश्न येतो तो चहा कोणता याचा. बो लेई (पु-अर), तिएग्वानयिन, मोगऱ्याच्या वासाचा किंवा शेवंतीची फुले घातलेला बो लेई हे नेहमीचे पर्याय. चहाचे पैसे माणशी लावतात. अनेक जण पहिल्या गरम चहाने वाट्या, चमचे व काड्या विसळून घेतात; भांडी मुळात स्वच्छ असली तरी ही सवय सुटत नाही. चहा आधी दुसऱ्यांना, मग स्वतःला. कोणी ओतला की घेणारा दोन बोटांनी टेबलावर टकटक करून आभार मानतो. वेषांतर करून फिरणाऱ्या छ्येनलुंग सम्राटाने सेवकाला चहा ओतून दिला, तेव्हा ओळख उघड होऊ नये म्हणून सेवकाने साष्टांग नमस्काराऐवजी बोटे वाकवली, अशी आख्यायिका याबाबत सांगतात. किटलीचे झाकण तिरके ठेवले की ‘पाणी घाला’ असा अर्थ. हाक मारावी लागत नाही.

पूर्वी बांबूच्या चाळण्या रचलेल्या ढकलगाड्या टेबलांमधून फिरत आणि गिऱ्हाईक झाकण उचलून पाहून पदार्थ घेई. घेतलेल्या पदार्थाचा शिक्का टेबलावरच्या कार्डावर लहान, मध्यम, मोठा अशा रकान्यात पडे. गाड्यांना जागा व माणसे फार लागतात, म्हणून बहुतेक ठिकाणी आता कागदावर खुणा करून मागवतात. हाँगकाँगच्या सिटी हॉलमधले मॅक्सिम्स पॅलेस मात्र गाड्यांसाठीच प्रसिद्ध झाले.

कारागिराची परीक्षा हार-गाउ या कोळंबीच्या पदार्थात होते. गव्हातला चिकटपणा काढून उरलेल्या सत्त्वात उकळते पाणी ओतून उकड काढतात, मोदकासारखीच. मात्र पारी लाटत नाहीत. गोळीवर तेल लावलेल्या रुंद सुऱ्याचे पाते सपाट ठेवून दाबत फिरवतात. एका कडेला बारीक चुण्या घालून ती मिटतात. वाफवल्यावर आतली गुलाबी कोळंबी आरपार दिसावी आणि काडीने उचलताना पारी फाटू नये. याशिवाय डुकराच्या मांसाचे सिऊ माय, भाजलेल्या गोडसर मांसाचे सारण भरलेला चा सिऊ बाव, तांदळाच्या पातळ पापुद्र्याची चेउंग फन आणि अंड्याचे टार्ट हे ठरलेले. कोंबडीचे पाय आधी तळतात, मग भिजवतात आणि आंबवलेल्या काळ्या सोयाबीनसह वाफवतात. कातडी सुरकुतून मऊ होते आणि हाडे तोंडातच सोडवावी लागतात. नवख्याला हे जड जाते, पण पाहुणा पक्का की कच्चा ते यावरूनच कळते.

२००९ मध्ये हाँगकाँगच्या मोंकॉक भागात सुरू झालेल्या टिम हो वान या छोट्या दुकानाला लवकरच मिशेलिन या खाद्यमार्गदर्शिकेचा तारा मिळाला. स्वस्तात उत्तम डिमसम मिळते हे जगाला कळले. अर्थात बाहेर रांग लागलेली असताना तिथे चहावर रेंगाळता येत नसे, म्हणजे यम चाचे अर्धे अंग गळालेच.

महाराष्ट्रात ‘चायनीज’ म्हणून गाड्यांवर मिळणारे मांचुरियन, शेजवान नूडल्स वगैरे पदार्थ भारतातल्या चिनी स्वयंपाक्यांच्या हातून इथल्या चवीनुसार घडले. कँटनी चहागृहात ते मागू नयेत. शाकाहाऱ्यांनीही जपून राहावे : मुळ्याच्या वाफवून परतलेल्या वड्या भाजीच्या वाटल्या, तरी त्यांत बहुधा सुकी कोळंबी आणि चिनी सॉसेज असते.