कॅप्टन जेकबचा ग्रह

परक्या सूर्याभोवती ग्रह फिरत असावा, असे निव्वळ कल्पनेने नव्हे तर मोजमापाच्या आधारे सांगण्याचा प्रयत्न प्रथम कोणी केला, याचा शोध घेऊ लागले की जी अगदी जुनी नावे हाती येतात त्यांत एक नाव पुण्याशी जोडलेले निघते. हे मी पुणेरी अभिमानाने लिहीत नाही. तो गृहस्थ इंग्रज होता आणि कंपनीच्या चाकरीतला होता.

विल्यम स्टीफन जेकब हा सॉमरसेटमधल्या एका पाद्र्याचा मुलगा. सिंधमधल्या जेकबाबादला ज्याचे नाव आहे त्या जॉन जेकबचा हा धाकटा भाऊ. विल्यम १८३१ साली मुंबईला उतरला तो इंजिनियर म्हणून. काही वर्षे जमीन मोजण्याच्या कामात गेली आणि मग मोजणीची तीच सवय आकाशाकडे वळली. १८४२ मध्ये त्याने पुण्यात स्वतःची वेधशाळा थाटली. शनिवारवाडा जळून तेव्हा चौदा वर्षे झाली होती. पाच फुटी दुर्बिणीतून त्याने २४४ जोडताऱ्यांची यादी तयार केली.

जोडतारे म्हणजे फुगडी घालणाऱ्या दोन मुलीच! एकमेकींचा तोल सांभाळीत त्या गरगरतात. दर काही महिन्यांनी त्यांच्यातले अंतर आणि दिशा टिपून ठेवली की त्यांची कक्षा आखता येते. पण मोजायचे काय, तर काही विकलांचे अंतर; आणि एक विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग! त्यातही हवा थरथरत असते. या कामाला लागणाऱ्या चिकाटीची मला तरी भीती वाटते.

१८४८ च्या अखेरीस जेकब मद्रासच्या वेधशाळेचा प्रमुख झाला. तेथे त्याचे लक्ष भुजंगधारी नक्षत्रातल्या ७० क्रमांकाच्या जोडीवर खिळले. ही जोडी हर्शेलने १७७९ साली ओळखली होती. गणिताने जेथे तारा यावा तेथे तो येत नव्हता; थोडासा इकडे, थोडासा तिकडे. फुगडीत तिसरे कोणी असल्याखेरीज असा झोल का जावा? १८५५ मध्ये त्याने लिहिले, की या जोडीत एखादा न दिसणारा ग्रह असण्याची दाट शक्यता आहे.

आता अडचण कोठे होती ते पाहा. या ताऱ्यांची एक प्रदक्षिणा सुमारे ८८ वर्षांची. हर्शेलपासून जेकबपर्यंत वर्षे झाली होती ७६. म्हणजे एक फेराही अजून पुरा पाहिलेला नव्हता, आणि जुनी मापे तर फारच ओबडधोबड. पुढे अमेरिकेत सी नावाच्या ज्योतिर्विदाने याच ताऱ्याला ३६ वर्षांत फिरणारा काळा सोबती बहाल केला. १८९९ मध्ये मोल्टनने गणिताने दाखवून दिले, की असा सोबती तेथे टिकूच शकत नाही. त्यावर सीसाहेबांनी भलतेच तिखट उत्तर धाडले! १९४३ मध्ये आणखी एक दावा झाला, तोही टिकला नाही. त्या जोडीभोवती आजवर एकही ग्रह सिद्ध झालेला नाही.

मला जेकबचे कौतुक वाटते ते वेगळ्याच गोष्टीसाठी. प्रकृती ढासळल्याने १८५९ मध्ये त्याने मद्रास सोडले. कोणीही स्वदेशी स्वस्थ बसला असता. याने १८६० मध्ये स्पेनला जाऊन खग्रास सूर्यग्रहण पाहिले आणि पुण्याकडच्या डोंगरावर वेधशाळा उभारण्याचा ध्यास घेतला. उंचावर हवा विरळ, तारा कमी थरथरेल, हा हिशेब. विलायतेच्या पार्लमेंटने हजार पौंड मंजूर केले; नऊ इंची दुर्बीण त्याने स्वतः विकत घेतली; तीन वर्षे काम करण्याचे कबूल केले. ८ ऑगस्ट १८६२ ला तो मुंबईस उतरला. १६ ऑगस्टला पुण्यात पोचताच वारला. वय अवघे ४८. डोंगरावरची वेधशाळा राहूनच गेली.

सूर्यासारख्या ताऱ्याभोवतीचा पहिला ग्रह १९९५ मध्ये मेयर आणि केलोझ यांना सापडला. त्यांनी ताऱ्याची जागा नव्हे, तर त्याच्या प्रकाशातून त्याचा पुढेमागे होणारा वेग मोजला. पण न दिसणारा ग्रह ताऱ्याच्या हेलकाव्यावरून ओळखायचा, ही युक्ती जेकबचीच. आज असे ग्रह ६००० वर गेले आहेत. आणि पुण्यापासून सुमारे ८० किलोमीटरवर, गिरवलीच्या डोंगरावर, २००६ साली दोन मीटर आरशाची दुर्बीण उभी राहिली.

लक्ष्मीपूजनाची रात्र अवसेची. दिवेलागणीनंतर गच्चीवर जाऊन पश्चिमेकडे पाहिले, तर भुजंगधारी अजून मावळलेला नसतो. ७० क्रमांकाचा तारा फिकट आहे; कंदिलाकडे पाठ केली तर दिसतो.